घाईचे उत्तर म्हणजे विचार नव्हे

महोदय,

‘विचार करा’ एवढे सांगून मुले विचार करायला शिकत नाहीत. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचे शिक्षक असलेल्या जॉन ड्युई यांनी १९१० साली चिंतनशील विचाराच्या पाच पायऱ्या मांडल्या: अडचण जाणवणे, ती नेमकी ओळखणे, उपाय सुचणे, त्याचे परिणाम तर्काने पडताळणे, मग निरीक्षण-प्रयोगाने तो स्वीकारणे वा टाकणे.

वर्गात दुसरी पायरीच गाळली जाते. कुंडीतले रोप सुकले की ‘पाणी घाला’ हे उत्तर तत्काळ येते. पण मुळे कुजली असतील तर त्याच पाण्याने रोप मरते. आधी माती बोटभर उकरून ओल पाहायला हवी. निर्णय रोखून धरणे अस्वस्थ करते, म्हणून मन पहिल्याच उत्तराला चिकटते. शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद तरी थांबावे, आणि उत्तर बरोबर आले तरी ‘कशावरून?’ हे विचारावेच.

— एक शिक्षण-अभ्यासक