मुडदा व्हायला येतोस का?

पुणे, रविवार रात्र

प्रिय नित्या,

फोनवर नुसता हसलास, म्हणून आता सविस्तर लिहितो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी डेक्कन क्वीनमधल्या खुनाचं नाटक बसवतोय. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या खुनाच्या कादंबरीतली ती युरोपातली गाडी, ओरिएंट एक्स्प्रेस, खरोखरच 1929 साली तुर्कस्तानात बर्फात अडकली होती. आपल्याकडे कुठला बर्फ! आमच्या गाडीपुढे कर्जतनंतर घाटात दरड कोसळते. मागे घाट चढवायला ढकलणारं बँकर इंजिन, पुढे दगडमाती, बाहेर धो धो पाऊस. खुनी पळणार कुठे?

काळ 1965 चा घेतलाय. 1930 साली ही गाडी सुरू झाली तेव्हा तिला पहिला नि दुसरा असे दोनच वर्ग होते, तिसरा आला 1955 मध्ये. त्याआधीचा काळ घेतला तर आमच्या आजी गाडीत चढणारच नाहीत, आणि आजींशिवाय नाटकात राम नाही.

काल वाचन झालं. इन्स्पेक्टरच्या भूमिकेला सात जण, गप्प बसणाऱ्या प्रवाशाला एकही नाही! अरे, पण रेल्वेच्या डब्याला विंगा नसतात. दहा माणसं दोन तास लोकांसमोर बसलेली. दुसरा बोलत असताना ज्याला नुसतं बसता येतं, तोच नट मला हवाय. म्हणून सगळ्यांना एकच वाक्य दिलं, "मी काही पाहिलं नाही." बहुतेकांनी डोळे बारीक केले, एकाने तर घाम पुसला. सगळेच खुनी! आजींनी (आमच्या शेजारच्या, उभ्या आयुष्यात स्टेजवर गेलेल्या नाहीत) अडकित्त्यात सुपारी धरली, वाक्य म्हटलं, आणि कट्. खोलीत चिडीचूप. टीसी झालाय बँकेतला कॅशियर. तिकीट हातात दिलं, तर पठ्ठ्याने नोटेसारखं उजेडाकडे धरून पाहिलं.

खुनी कोण, ते तुलाही सांगणार नाही.

घोडं अडलंय मयतापाशी. पहिल्या वीस मिनिटांत त्याने पासवाल्यांबरोबर रमी जिंकायची, प्रेक्षकांना आवडायचं, आणि डब्यातल्या प्रत्येकाला त्याचा गळा दाबावासा वाटायला हवा. मग खिडकीला टेकून मरायचं ते थेट मध्यंतरापर्यंत. पोलीस आल्याशिवाय प्रेत हलवत नाहीत ना! श्वाससुद्धा दिसता कामा नये. कॉलेजात शेवटच्या बाकावर तू डोळे उघडे ठेवून झोपायचास, सरांना कधी पत्ता लागला नाही. ते आठवलं आणि पत्र लिहायला बसलो.

मंगळवारी साडेसातला तालीम आहे. मिशी काढू नकोस. आणि तो तुझा जुना खोकला तेवढा बरा करून ये.

तुझा,
अव्या