परवाना दिलात, पडद्यावर जागा कोण देणार?

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

अर्धांगवायूने दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माझ्या पत्नीने गेल्या मंगळवारी सायंकाळी, नौपाड्यातील आमच्या घरी, नेहमीप्रमाणे नाट्यसंगीताची छोटी मराठी वाहिनी लावायला सांगितली आणि पडद्यावर ‘ही वाहिनी उपलब्ध नाही’ एवढेच उमटले. पूर्वसूचना नाही, दिलगिरी नाही. केबलवाला म्हणाला, ‘‘काका, ती कुणी बघत नाही, वरूनच काढली.’’ म्हणजे आम्ही दोघे कुणीच नाही, हे मला सत्तराव्या वर्षी कळले.

मग मी नियम वाचायला बसलो. आपले मंत्रालय वाहिनीला दहा वर्षांची परवानगी देते, 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिच्याकडून रोज अर्धा तास लोकहिताचा कार्यक्रमही मागते; ती कुणाच्या घरी दिसते का, हे मात्र विचारत नाही. ट्राय म्हणजे दूरसंचार व प्रसारणाचे नियमन करणारे प्राधिकरण; त्याच्या 2017 च्या विनियमांनुसार केबल वा डीटीएच वितरकाला वाहिनीकडून दर ग्राहकामागे महिना 20 पैशांपर्यंत वहनशुल्क, म्हणजे वाहिनी घरोघरी पोहोचवण्याचे भाडे, घेता येते; मात्र 20 टक्के ग्राहक ती वाहिनी घेत असतील, तर शुल्क शून्य. ज्याचे पोट भरले आहे त्याला पंगतीत फुकट पान आणि उपाशी माणसाकडून पाटाचे भाडे! दहा लाख जोडण्यांचा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर मांडला, तो महिना दोन लाख रुपये निघाला. तानपुऱ्याच्या जाहिरातींतून एवढे उत्पन्न होते, असे आपल्या अधिकाऱ्यांना वाटते काय?

माझ्याकडून मात्र जोडणीचे 130 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, असे 153 रुपये 40 पैसे बिनबोभाट घेतले जात होते. 2024 मध्ये ट्रायने त्या 130 रुपयांची मर्यादाही उठवली. तक्रार करावी तर ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, मंत्रालय वितरकाकडे बोट दाखवते आणि केबलवाल्याची नोंदणी तर परवापरवापर्यंत टपाल कार्यालयात होत असे. ज्या मराठीला आपल्याच सरकारने 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात ठरवले, तिच्या गाण्याला पडद्यावर एक क्रमांक मिळू नये, आणि त्यासाठी एकाही कार्यालयात जबाबदार माणूस सापडू नये, याला राज्यकारभार म्हणायचे की टोलवाटोलवी?

अशा छोट्या भाषिक वाहिन्यांचे वहनशुल्क माफ करावे आणि वाहिनी काढण्यापूर्वी ती घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवावे, एवढीच मागणी आहे. उत्तर पाठवताना ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’ हे वाक्य कृपया वगळावे. ते माझ्याकडे आधीच तीन प्रतींत आहे.

आपला,
एक केबल ग्राहक, नौपाडा, ठाणे