आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : मनोरुग्णालयातली बदली ही शिक्षा नव्हे

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख नर्स. नोकरी तीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी राज्यातल्या एका मनोरुग्णालयात. पेन्शनचे कागद मार्गी लागले आहेत, आता मेमोची भीती नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्यात एक वाक्य फार चालतं : 'जास्त बोललीस तर मेंटलला टाकतील.' बदल्यांच्या दिवसांत सगळ्या जणी ते हसत हसत म्हणतात आणि ज्यांना म्हणायचं त्यांना ते बरोबर कळतं. माझीही बदली अशीच झाली. ड्यूटी लावण्यावरून अधिसेविकांशी, म्हणजे मेट्रनशी, वाजलं आणि महिन्याभरात ऑर्डर हातात. पहिल्या दिवशी मला वॉर्डच्या चाव्यांचा जुडगा मिळाला आणि 'पाठ वळवू नका' एवढं एकच वाक्य. तेच माझं प्रशिक्षण. जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंगच्या डिप्लोमाला, असताना मानसिक आरोग्य परिचर्या शिकले होते, पण ती परीक्षेपुरती.

पुढे वर्षभराचा मनोविकृती परिचर्येचा, म्हणजे मनोरुग्णांच्या नर्सिंगचा, डिप्लोमा केला. तिथलं पहिलं प्रोसेस रेकॉर्डिंग अजून आठवतं. वहीत तीन रकाने आखायचे : रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्यातून मला काय कळलं. एका बाईशी वीस मिनिटं बोलून मी ते मोठ्या ऐटीत लिहून दिलं. मॅडमनी त्यात चार ठिकाणी लाल गोल केला. चारही ठिकाणी मी लिहिलं होतं, 'घाबरू नका.' मॅडम म्हणाल्या, "ती घाबरलेलीच आहे ना? मग कशाला घाबरते ते एकदा तरी विचारलंस का?" विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. घरचे आपली पेटी विकून टाकतील, या भीतीने ती रात्र रात्र जागी असायची. झोपेच्या गोळ्यांचा डोस वाढतच होता आणि पेटीबद्दल केस पेपरवर एक अक्षर नव्हतं.

नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, हे हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली मांडलं. आमच्या खात्यात मात्र अजून 'तिथे काय काम असतं? गोळ्या वाटायच्या आणि दारं लावायची' असंच समजतात.

गोळ्या वाटण्याचंच घ्या. मे महिन्यातली दुपार, वॉर्डात चहा चाललेला. मन:स्थितीचे चढउतार आवरणाऱ्या लिथियम या औषधावर वर्षानुवर्षं असलेल्या एका आजींचा पेला हातात इतका थरथरत होता की निम्मा चहा गाऊनवर सांडला. नव्याने बदलून आलेली सिस्टर चांगल्या मनाची, तिने पुढे होऊन पेला धरला आणि म्हणाली, "वय झालं हो." मी मावशींना विचारलं, तर आजींना दोन दिवस जुलाब होत होते. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळीही चालू होती. ऊन, जुलाब, अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालेलं, वर ती गोळी. असं झालं की लिथियम शरीराबाहेर पडत नाही, रक्तात साठतं. संध्याकाळचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन केला. रक्तातली पातळी साधारण १.२ च्या वर जाऊ द्यायची नसते, आजींची २ च्या पुढे निघाली. सलाइन लागलं, आजी बऱ्या झाल्या. त्या सिस्टरला मी दोष देत नाही. तिची आठ वर्षं ऑपरेशन थिएटरात गेली होती, तिथे मला उभं केलं असतं तर मीही असाच घोळ घातला असता.

आणि मी डिप्लोमा करून आले, त्यानंतरच्या बदलीत मला कुठे पाठवलं असेल? एका ग्रामीण रुग्णालयात, बाळंतपणाच्या वॉर्डात. सरकारी पगारावर वर्षभर शिकले आणि पुढची चार वर्षं त्यातलं काही वापरलं नाही. मनोरुग्णालयातल्या माझ्या जागी कोण आलं, तर ड्यूटीवरून वाजलेली आणखी एक जण!

महोदय, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, लागू झाला २०१८ मध्ये. त्याच्या कलम ३१ मध्ये म्हटलं आहे की, लोकसंख्येच्या मानाने मानसिक आरोग्याचं मनुष्यबळ किती असावं याचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते सरकारने दहा वर्षांत गाठण्याचा प्रयत्न करावा. म्हणजे मुदत २०२८. आपल्या कार्यालयात त्याची फाइल असेलच.

माझी भीती वेगळी आहे. त्याच कायद्यातली 'मानसिक आरोग्य परिचारिका' ही व्याख्या वाचा. मनोविकृती परिचर्येचा डिप्लोमा किंवा पदवी असलेली नर्स तीत बसते, तशीच साधी जनरल नर्सिंग झालेलीही बसते. त्यामुळे २०२८ साली मनुष्यबळाचा तक्ता भरायला काहीच अडचण येणार नाही. चार ऑर्डरी काढल्या की झालं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार मनोरुग्णालयांत मिळून ५,६९५ खाटा मंजूर आहेत, त्यांच्यासमोर नावं लिहून होतील. पण चहा सांडताना कुणाला काय दिसलं, याला त्या तक्त्यात रकाना नसतो.

त्याच कायद्याचं कलम ९७ मला फार मोलाचं वाटतं. रुग्णाला बांधून ठेवायचं ते फक्त तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तर, शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणाने तर नाहीच. ज्याने हे लिहिलं त्याने रात्रपाळी पाहिलेली असावी. साठ रुग्ण, एक सिस्टर, एक मावशी आणि रात्री दोन वाजता एक तरुण मुलगी खिडकीच्या गजांवर डोकं आपटते आहे. तिला आवाज ऐकू येत असतात. अशा वेळी थोडं बाजूने उभं राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे, तिची दाराकडची वाट अडवायची नाही, आवाज तिच्याहून खाली आणि वाक्यं तीन-चार शब्दांची. 'मला ते आवाज येत नाहीत, पण तुला येतात आणि त्रास होतोय हे कळतंय.' हे शिकावं लागतं. न शिकलेली माणसं घाबरतात, आणि घाबरलेल्या माणसाला आधी दोरी आठवते. मीही पहिल्या वर्षी बांधलं आहे. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं होतं, 'रुग्ण आक्रमक.' खरं कारण मी होते.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींबद्दल थोडं. जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला हा विषय असतो, त्यासाठी कॉलेजांच्या बस भरभरून येतात. एकाच शांत रुग्णाची केस स्टडी पाच मुली लिहितात. मग तो रुग्णही तयार होतो, मुलगी समोर बसली की स्वतःच जन्मतारखेपासून सुरू करतो. एकदा एकाने मला विचारलं, "सिस्टर, आज कुठलं कॉलेज?" मला हसू आलं, पण परीक्षा त्या मुलींची होती की त्याची, हे अजून ठरलेलं नाही.

आणि हे सगळं झालं दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण १०.६ टक्के निघालं, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर. त्यांना शोधायचं ते जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने. त्या कार्यक्रमातल्या नर्सची नेमणूक कंत्राटी असेल, तर तालुक्यातली माणसं ओळखीची होईपर्यंत तिची ऑर्डर संपते.

नवी इमारत मागत नाही, समिती तर नकोच. डिप्लोमा केलेल्या नर्सना मनोरुग्णालयात, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात किंवा जिल्हा कार्यक्रमातच नेमा आणि बदली झाली तरी ती या तीन जागांमध्येच होऊ द्या. बाकीच्या ज्या येतील त्यांना चाव्या देण्याआधी महिनाभर जुन्या सिस्टरच्या हाताखाली ठेवा. आणि कुणाशी वाजलं म्हणून कुणाला तिथे पाठवू नका. ज्या वॉर्डात शिक्षा म्हणून माणसं येतात, तिथल्या रुग्णांनी कुणाकडे पाहायचं?

बदल्यांच्या याद्या एप्रिल-मेमध्ये निघतात. यंदाची यादी पुढे जाण्याआधी तीत नाव, पद आणि सध्याचं ठिकाण यांच्या शेजारी एक रकाना वाढवायला सांगा : 'मनोविकृती परिचर्या डिप्लोमा : होय / नाही.' मग ती यादी एकदा स्वतः वाचा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका