यकृताच्या शस्त्रक्रियेनंतरचं आयुष्य कुणाच्या खात्यात? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या पाच लाखांच्या मर्यादेपलीकडे जाऊन यकृत प्रत्यारोपणासारख्या महागड्या उपचारांना मदत करण्याचा निर्णय आपल्या सरकारने घेतला. त्याबद्दल आधी मनापासून आभार मानते. यकृतासाठी शेत विकलेली, दागिने मोडलेली घरं मी पाहिली आहेत. यापुढे काही घरं त्यातून वाचतील.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करते. यकृताच्या शस्त्रक्रिया मी करत नाही. त्या मुंबईत, पुण्यात होतात. रुग्ण टाके सुकवून, गोळ्यांची पिशवी आणि जाडजूड फाइल घेऊन गावी परततो. मग कधी ताप येतो, कधी जुलाब लागतात, कधी हात थरथरतात, कधी साखर वाढते, आणि तो जवळचा डॉक्टर म्हणून माझ्याकडे येतो. हे पत्र त्या रुग्णांविषयी आहे, आणि त्यांना यकृत देणाऱ्या माणसांविषयी, म्हणजे बहुतेक वेळा बायांविषयी.

भारतात पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत एका लहान मुलावर झालं. आज देशात वर्षाला चार हजारांहून अधिक यकृतं बदलली जातात. अनुभवी केंद्रांत शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने दहांपैकी जवळपास नऊ रुग्ण जिवंत असतात. ही कामगिरी मोठी आहे. पोटात पाणी भरून महिन्यातून दोनदा सुई टोचून ते काढून घेणारा, रात्रभर खाज सुटून झोप न लागणारा, रक्तात अमोनिया चढून, भान हरपून स्वतःच्या मुलांना न ओळखणारा माणूस सहा महिन्यांनी चालत येऊन माझ्यासमोर बसतो, तेव्हा त्या शल्यचिकित्सकांना मी मनातून हात जोडते.

पण खुर्चीत बसल्यावर तो जे बोलतो ते कुठल्याच सरकारी कागदावर येत नाही. एका शिंप्याला सुईत दोरा ओवता येत नाही, कारण टॅक्रोलिमस या रोजच्या औषधाने बोटं थरथरतात. पूर्वी ट्रक चालवणारा आता रात्रीचं जागरण नको म्हणून घरी बसतो आणि आपण घरावर ओझं झालो असं त्याला वाटतं. शस्त्रक्रियेनंतर आयुष्याचा दर्जा आधीपेक्षा खूप सुधारतो, तरी निरोगी माणसाइतका होत नाही आणि मनापेक्षा शरीर जास्त मागे राहतं, असं जगभरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. कामावर परतणं हा त्यातला सगळ्यात अवघड टप्पा आहे. आपल्याकडे त्याची नोंद कोण ठेवतं?

मंत्रिमहोदय, इथे थोडं औषधांविषयी सांगते, कारण रुग्णाचं पुढचं सगळं आयुष्य त्यांच्यावर चालतं. शरीराने परकं यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस जन्मभर घ्यावं लागतं. त्याची रक्तातली पातळी कमी झाली तर शरीर यकृतावर हल्ला करतं, जास्त झाली तर मूत्रपिंड खराब होतं, रक्तदाब आणि साखर वाढते. दोन्हींच्या मधली वाट फार अरुंद आहे. म्हणून आदल्या गोळीनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन पातळी पाहायची असते. आमच्या तालुक्यात ही तपासणी होत नाही. रुग्ण पहाटेची गाडी पकडून शहरात जातो, गोळी खिशात ठेवून रांगेत उभा राहतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडवतो. पहिल्या वर्षी तो हे नेमाने करतो. पुढे तब्येत बरी वाटू लागते, पैसे संपू लागतात आणि तपासणी लांबत जाते.

याहून मोठी भीती मला क्षयरोगाची वाटते. आपल्या राज्यात क्षय आहे, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तो लवकर गाठतो. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी इतकी खाली आणतं की चांगलं चाललेलं यकृत नाकारलं जाऊ शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने, चांगल्या हेतूने सुरू केलेला उपचार प्रत्यारोपण झालेल्या रुग्णासाठी धोक्याचा ठरतो. तिथे रिफाब्युटिनसारखं पर्यायी औषध वापरावं लागतं किंवा डोस पुन्हा बसवावे लागतात, आणि हे प्रत्यारोपण केंद्राशी बोलूनच करायचं असतं. उलट दिशेलाही तसंच आहे. खोकल्यासाठी सहज लिहिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी दिलेलं फ्लुकोनॅझोल ही पातळी वर चढवतं. पपनसानेही ती वाढते, आणि आमच्याकडे गणपतीत पपनस घरोघरी असतं. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. तरीही ‘शक्ती भरून यावी’ म्हणून नातेवाईक प्रत्यारोपण झालेल्या माणसाला तोच काढा प्रेमाने पाजतात. यात दोष कुणाला द्यायचा? गावातल्या डॉक्टरला, आशाताईंना, मेडिकलवाल्याला हे कुणी कधी सांगितलेलंच नाही.

आणि पैसे. शस्त्रक्रियेची रक्कम मंजूर होते तेव्हा फोटो निघतात. गोळ्यांचं बिल दर महिन्याला येतं आणि ते घरातल्या घरात भागवावं लागतं. केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला या औषधांसाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना ही तरतूद आहे हेच ठाऊक नसतं. पैसे अपुरे पडले की माणूस काय करतो ते मी सांगते: दोन वेळच्या गोळ्या एक वेळ करतो. कुणाला न सांगता. पुढे रक्तात यकृताला इजा झाल्याचं दाखवणारे एन्झाइम वाढलेले दिसतात तेव्हा कळतं. सरकारने लाखो रुपये खर्च करून बसवलेलं यकृत अशा वेळी महिन्याच्या काही हजारांपायी हातचं जातं. आपल्याच योजनेच्या हिशोबाने पाहिलं तरी जिल्हा रुग्णालयातून या गोळ्या मोफत देणं स्वस्त पडेल. एक विनंती आणखी: निविदा बदलली की गोळीची कंपनी बदलते. टॅक्रोलिमसची कंपनी बदलली तर पातळी पुन्हा तपासावी लागते. खरेदीच्या अटींत हे आधीच लिहून ठेवा.

आता दात्यांविषयी. माझ्या मनात सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

भारतातली बहुसंख्य यकृतं जिवंत माणसाकडून येतात. १९९५ ते २०२१ या काळात जिवंत दात्यांकडून अवयव मिळालेल्या पाच रुग्णांपैकी साधारण चार पुरुष होते, अशी राष्ट्रीय आकडेवारी आहे. देणाऱ्यांत पत्नी, आई, बहीण, मुलगी यांचीच संख्या मोठी. यकृताचा उजवा भाग देताना जवळपास साठ टक्के यकृत काढलं जातं. उरलेलं काही आठवड्यांत, महिन्यांत बऱ्यापैकी वाढतं हे खरं आहे, आणि निसर्गाची ही देणगी विलक्षण आहे. पण ‘लिव्हर परत वाढतं’ या एका वाक्यावर आपण त्या बाईची सगळी काळजी संपवून टाकतो. पोटावरच्या चिरेत हर्निया होऊ शकतो, पित्तनलिकेतून गळती होऊ शकते, चिरेभोवतीची त्वचा वर्षानुवर्षं बधिर राहते, थकवा महिनोन्‌महिने जात नाही. मृत्यूचा धोका उजवा भाग देणाऱ्यांत हजारी दोन ते पाच इतका धरला जातो. निरोगी माणसासाठी हा आकडा लहान नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात पत्नीने पतीला यकृत दिलं, शस्त्रक्रियेनंतर पती गेले आणि काही दिवसांत पत्नीही गेली. आपल्या खात्याने तेव्हा रुग्णालयाकडे कागदपत्रं मागितली, ते योग्यच झालं. त्या प्रकरणात दोष होता का, कुणाचा होता, यावर मी बोलणार नाही, तो तपासाचा विषय आहे. माझा प्रश्न ज्या दात्या वाचतात त्यांच्याविषयी आहे. शस्त्रक्रियेआधी कायद्याप्रमाणे समितीपुढे त्यांची मुलाखत होते, कुणी दबाव तर आणला नाही ना हे विचारलं जातं. टाके निघाल्यावर मात्र त्यांना कुणी काही विचारत नाही. घरात दोन रुग्ण असतात आणि उशाशी फळं एकाच्याच ठेवलेली असतात. जड उचलू नका असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, आणि बाई महिनाभरात हंडा उचलते, गवताचा भारा डोक्यावर घेते, खुरपायला जाते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी ४२ दिवसांची विशेष रजा मिळते. शेतमजूर बाईला रजा कोण देणार? तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई योजनेच्या रकमेतच धरता येईल, आणि ती तिच्याच खात्यात जमा व्हायला हवी, नवऱ्याच्या नव्हे.

काही घरांत नवऱ्याचं यकृत दारूने गेलेलं असतं. बायको आपला भाग देते, वर्षभर सगळं सुरळीत चालतं आणि मग बाटली पुन्हा घरात येते. ती बाई माझ्यासमोर रडत नाही. हाताची घडी घालून नुसती बसते आणि म्हणते, “मॅडम, आता काय करायचं?” तिला मी औषध काय देणार? दारूच्या व्यसनावरचा उपचार शस्त्रक्रियेआधी जेवढा कसून तपासला जातो, तेवढाच तो नंतर चालू राहिला पाहिजे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आपल्याच खात्यात आहे. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाचं आणि दात्याचं नाव त्या टीमकडे आपोआप जावं.

कर्करोगामुळे यकृताचा भाग काढलेले रुग्णही आहेत. त्यांना टॅक्रोलिमसचा त्रास नसतो, पण यकृतातच सुरू झालेला कर्करोग पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांत परत येतो. दर काही महिन्यांनी सोनोग्राफी किंवा स्कॅन आणि एएफपीची, म्हणजे या कर्करोगात वाढणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणी केली तर तो लवकर सापडतो, उपचारही करता येतात. तपासणी चुकली की रुग्ण थेट कावीळ घेऊन येतो.

हे सगळं व्हायचं तर आधी मोजावं लागेल. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने दाते आणि रुग्ण यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद झाली. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राचे किती रुग्ण एक वर्ष, पुढे किती वर्षं जगले हे कुणालाही वाचायला मिळतं. महाराष्ट्रात नवरा कुठे न्यायचा हे ठरवणारी बाई शेजाऱ्याला विचारते, नाहीतर फलकावरचे फोटो बघते. परवाना देणं आणि त्याचं नूतनीकरण करणं आपल्या खात्याच्या हातात आहे. रुग्णाची आणि दात्याचीही एक, तीन आणि पाच वर्षांची माहिती दिल्याशिवाय नूतनीकरण होणार नाही, असं ठरवायला नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. गंभीर रुग्ण घेणाऱ्या केंद्राचे आकडे थोडे खाली दिसतील, म्हणून रुग्ण किती आजारी होते हेही सोबत छापावं. नाहीतर चांगली केंद्रंसुद्धा अवघड रुग्ण नाकारू लागतील.

आणि फक्त जिवंत किती एवढंच मोजू नका. आयुष्याचा दर्जा मोजण्याच्या प्रश्नावल्या जगभर वापरात आहेत, कर्करोगाच्या रुग्णांसाठीची तीस प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही आहे. झोप लागते का, जिना चढता येतो का, कामावर गेलात का, घरखर्च भागतो का, उदास वाटतं का, एवढं आरोग्य केंद्रातली सिस्टर वर्षातून दोनदा फोनवर विचारू शकते. दात्यालाही विचारा, आणि नवरा शेजारी नसताना विचारा.

आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांसाठी एक चोवीस तास चालू असणारा क्रमांक द्या. रात्री अकरा वाजता ताप चढलेला प्रत्यारोपणाचा रुग्ण समोर असतो तेव्हा कुठलं अँटिबायोटिक चालेल हे विचारायला माझ्याकडे आज फक्त ओळखीच्या मित्रांचे मोबाइल आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत नेण्याची व्यवस्था राज्यात आहेच. टॅक्रोलिमसचा नमुना थंड ठेवला तर काही दिवस टिकतो, तो त्याच गाडीने जाऊ शकेल. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत सवलत आहे, ती यकृताच्या रुग्णाला आणि दात्याला तपासणीसाठी मिळावी.

३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन असतो. राज्यात किती प्रत्यारोपणं झाली याचा आकडा दरवर्षी जाहीर होतो. येत्या ३ ऑगस्टला त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे जाहीर करा: पाच वर्षांपूर्वी यकृत बदललेल्यांपैकी आज किती जण जिवंत आहेत, आणि त्यांना यकृत देणाऱ्यांपैकी किती जणांची गेल्या वर्षभरात तपासणी झाली. ही माहिती गोळा करायला आमच्या तालुक्यातून जी मदत लागेल ती मी करीन.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातली एक फिजिशियन,
जि. सोलापूर