“तोंडात कसं लागतं?” – खानावळीतल्या मावशींना पत्र

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

सदाशिव पेठेतल्या तुमच्या खानावळीत मी २०१४ च्या जूनपासून साडेतीन वर्षं दोन वेळा जेवले. तुमच्या वहीत नावं शेकड्याने असतील, म्हणून ओळख सांगते. मी सोलापूरची. नळाजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसायचे आणि वरण गाळलेलं घ्यायचे. आता आठवले असेन.

तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात. त्याचे आभार मानायला मला इतकी वर्षं लागली.

तिसरा दिवस होता. ताटात भेंडी, आमटी, भात, कोशिंबीर. आमटीचा ओघळ भेंडीखालून चपातीपर्यंत पोचला होता. मी चपातीचा वरचा कोरडा अर्धा भाग फाडून चिमूटभर मिठाला लावून खात होते आणि उरलेलं ताट कसं लपवायचं याचा विचार करत होते. तुम्ही बादली घेऊन वाढायला आलात, ताटाकडे पाहिलंत, आणि बादली खाली ठेवून समोर बसलात. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. लहानपणापासून ऐकत आले होते: लाडावलेली आहे, नखरे आहेत, सासरी गेल्यावर काय करशील. तुम्ही विचारलंत, “पोरी, चव न्हाई आवडत, का तोंडात कसं लागतं ते न्हाई आवडत?”

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, नुसते डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला वहीचं पान फाडून यादी आणून दिली. त्यात भाज्यांची नावं कमीच होती. बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत, चामट, वातड, फदफदीत, गचका झालेलं: हे नको. कुरकुरीत, खुसखुशीत, सुटसुटीत, रवाळ, कोरडं: हे चालेल. तुम्ही ती यादी देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलीत.

मावशी, तेव्हा सांगता आलं नाही ते आज सांगते. वांग्याची फोड तोंडात गेली की आधी साल लागते, चामट. मग गर, लिबलिबीत. आणि गरात बिया. एका घासात तीन गोष्टी, आणि कोणती कधी दाताखाली येईल याचा नेम नाही. बाकीच्यांना त्याचं मिळून एकच वांगं लागतं. मला तिन्ही सुट्या सुट्या लागतात, तिघं एकदम कानाशी ओरडल्यासारख्या, आणि घसा बंद होतो. मी बंद करत नाही, तो होतो. चवीचं माझं काही म्हणणं नसतं. तुमचा ठेचा मी भाकरीवर जाड थापून खायचे, हे तुम्ही पाहिलंच आहे. हापूसचा गाळलेला रस मी वाट्याच्या वाट्या पिते. रायवळ आंब्याच्या रसातला एक धागा जिभेवर आला की संपलं. त्या दिवशी पुढे काहीच खाता येत नाही.

तुम्ही काय काय केलंत ते मला क्रमाने आठवतं. ताटात तीन वाट्या आल्या, कशाचं पाणी कशात जाऊ नये म्हणून. फोडणी घालण्याआधी माझ्यापुरतं वरण बाजूला निघायला लागलं, म्हणजे त्यात ना मोहरी, ना कढीपत्ता, ना टोमॅटोची साल. ते वरण तुम्ही पुरणाच्या चाळणीतून पळीच्या पाठीने दाबून काढायचात. दीडशे ताटं वाढायची असताना. माझ्या चपातीऐवजी भाकरी आली, तीही निखाऱ्यावर पापडासारखी होईपर्यंत ठेवलेली. सोलापूरहून वडील एसटीने कडक भाकरीचा डबा पाठवायचे, तो मी स्वारगेटला उतरवून घ्यायचे. ती भाकरी एकदा तुम्हाला दाखवली आणि तुम्ही ती बोटांनी मोडून आवाज ऐकलात. “अशी पाहिजे व्हय,” एवढंच म्हणालात. महिन्याचे पैसे सगळ्यांइतकेच घेतलेत.

यातलं सगळ्यात मोठं काय होतं सांगू? तुम्ही मला आधी सांगायचात. “आज मटकी गचका झालीया, तू दही घे.” “आज तांदूळ नवा हाय, भात चिकट झालाय.” मला ताटाची भीती वाटायची ती याचसाठी, की आत काय आहे ते कळत नाही. तुम्ही कधीही काही लपवून घातलं नाहीत. माझ्या आईने एकदा प्रेमापोटी थालीपिठात पालक वाटून घातला होता. मला पहिल्याच घासात पानाची शीर लागली. त्यानंतर दोन वर्षं मी थालीपीठ खाल्लं नाही. पालक तर आधीच नव्हता, आता थालीपीठही गेलं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं असं मला फार वाटतं. मोजकेच पदार्थ हक्काचे असतात, त्यातला एकही फसवणुकीत गमावू देऊ नका.

आणि तो एमपीएससीचा मुलगा. “हिला वेगळं का?” असं मोठ्याने विचारलं त्याने. माझे कान तापले. तुम्ही भाकरी उलटता उलटता म्हणालात, “तिला पथ्य हाय.” पथ्य! पथ्याला आपल्याकडे कुणी नावं ठेवत नाही. मधुमेहाच्या आजोबांना कुणी नखरेल म्हणत नाही. त्या एका शब्दाने तुम्ही मला त्या टेबलावर मानाने बसवलंत. नंतर कुणी विचारलं नाही.

तुम्हाला माहीत नाही, पण मी सातवीत एका वसतिगृहात होते. तिथल्या बाईंनी लाल भोपळ्याची भाजी संपेपर्यंत मला उठू दिलं नव्हतं. रात्रीचे दहा वाजले. मी घास गालात धरून बसले, शेवटी ताटातच उलटी झाली. “कडकडून भूक लागली की सगळं खाईल” असं त्या म्हणायच्या. मावशी, भूक लागते. पोटात आग पडते. तरी घसा उघडत नाही. पुढची तीन वर्षं मी रात्री फुटाणे खाऊन झोपले.

एकदा भांडी विसळताना तुम्ही विचारलं होतंत, “तुझ्यासारखं आणखी कुणाचं असतंय का गं?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. असतं मावशी, पुष्कळांचं असतं.

२०१९ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, मला निदान मिळालं. स्वमग्नता, ऑटिझम. मुली बोलक्या, अभ्यासात बऱ्या असल्या की हे उशिरा कळतं, तसंच माझं झालं. मग मी वाचत सुटले. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत ११ मुलांवर निबंध लिहिला, ज्यात ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन आहे. त्यातल्या काही मुलांचं अगदी तान्हेपणापासून खाण्याचं कठीण होतं, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पण स्पर्श, आवाज, वास यांचं अतिसंवेदन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या निकषांत आलं ते थेट २०१३ मध्ये. त्याच वर्षी, शरीराच्या आकाराची किंवा वजनाची चिंता नसताना खाणं इतकं टाळलं जातं की पोषणावर परिणाम होतो, अशा त्रासालाही तिथे स्वतंत्र नाव मिळालं. तो त्रास ऑटिझम नसलेल्यांनाही होतो, पण आमच्यात जास्त दिसतो. २०१९ मध्येच अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. २,००० हून अधिक मुलांच्या पालकांना विचारून केलेला. स्वमग्न मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांच्या खाण्याच्या तऱ्हा वेगळ्या होत्या. इतर मुलांत हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या आत. वेगळ्या तऱ्हा म्हणजे काय, तर मोजकेच पदार्थ खाणं, पदार्थाचा स्पर्श सहन न होणं, एकाच कंपनीचं पाकीट लागणं, घास न गिळता गालात धरून ठेवणं. ते शेवटचं वाचलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. वसतिगृहातलं ते टेबल आठवलं.

आता हळीवाची गोष्ट. २०१६ च्या पावसाळ्यात जिना चढताना मला चक्कर आली. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलेलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि खरं तर त्या गोळ्यांनीच ते वाढलं. पण ते पुन्हा घसरू नये म्हणून तुम्ही मनावर घेतलंत. हळीव म्हणजे लोह, हे तुम्हाला बाळंतिणीच्या लाडवांमुळे ठाऊक. पण हळीव भिजले की त्यांना जो बुळबुळीतपणा येतो तो मला पाहवतसुद्धा नाही. तुम्ही ते कोरडेच भाजलेत, खलबत्त्यात पीठ होईपर्यंत कुटलेत आणि चिमूटभर शेंगाच्या चटणीत मिसळलेत. मग माझ्यापुढे दोन वाट्या ठेवल्यात. “ही तुझी जुनी. ही नवी, हिच्यात हळीव हाय. नको वाटली तर जुनीच खा.”

पहिले चार दिवस मी जुनीच खाल्ली. तुम्ही काही म्हणाला नाहीत. पाचव्या दिवशी नवी चटणी बोटाच्या टोकावर घेतली. दोन आठवड्यांनी भाकरीबरोबर. मग याच रीतीने ज्वारीच्या पिठात एक मूठ नाचणी आली, पुढे दोन मुठी, दर वेळी सांगून. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि दूध तर मी सायीच्या भीतीने सोडलेलं. आवडत्या पदार्थाला धरून एका वेळी एकच बदल करायचा, जुना पदार्थ काढून घ्यायचा नाही, या रीतीला थेरपिस्ट आता फूड चेनिंग म्हणतात. त्याचे तासावर पैसे पडतात. तुम्ही ते खलबत्त्यात केलंत.

२०२० च्या मार्चनंतर मी दोनदा येऊन गेले. शटर बंद होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी सांगितलं की तुम्ही साताऱ्याकडे गावी गेलात. जुना नंबर लागत नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. त्या टेबलांवर जेवलेल्या कुणी वाचलं तर त्यांनी ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं.

माझी भाची पाच वर्षांची आहे. ती स्वमग्न आहे की नाही कुणाला माहीत नाही, या वयात बरीच मुलं असं करतात. मागच्या महिन्यात वहिनीचा फोन आला, उपमा तोंडात घेते आणि थुंकते, काय करू? मी भाचीला फोनवर बोलावलं आणि तुमचा प्रश्न विचारला. तिने बराच विचार केला. “आत्या, मुंग्या लागतात,” म्हणाली. मोहरी होती ती. वहिनी आता मोहरी न घालता करते, आणि ती वाटीभर खाते.

मी ठीक आहे मावशी. स्वतः रांधते. भेंडी उभी बारीक चिरून, कोरडी पुसून, कडक तळली तर खाते, हे ऐकून तुम्हाला आनंद होईल. हळीवाची चटणी मात्र जमत नाही, दर वेळी कडवट होते. बहुतेक मी जास्त भाजते. तुम्ही किती वेळ भाजायचात आणि किती शेंगांना किती हळीव घ्यायचात, तेवढं कळवा.

तुमची,
नळाजवळच्या टेबलावरची सोलापूरकर