तलावावरच्या काकाजींना

काकाजी, सप्रेम नमस्कार.

उडत्या चतुराचा (ड्रॅगनफ्लायचा) फोटो दाखवला की लोक पहिला प्रश्न विचारतात, कॅमेरा कोणता? चतुर कसा मिळाला, कोणी दाखवला, हे कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

भंडाऱ्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मासेमारी करण्यात तुमचं आयुष्य गेलं. जाळं टाकून तलावाच्या पाळीवर बसल्या-बसल्या तुम्ही जे पाहत आलात, ते मला कुठल्याच कॅमेऱ्याच्या पुस्तकात सापडलं नव्हतं. "त्याच्या मांगं कायले धावतं बाबू? काडीवर नजर ठेव, थो अठीच येते," असं तुम्ही म्हणालात आणि खरंच तो आला. काठावरचा नर चतुर आपली हद्द राखतो. दुसरा नर दिसला की हाकलायला झेपावतो, माशी दिसली की धरायला, आणि बरेचदा फिरून त्याच बेशरमाच्या झुडपाच्या वाळक्या काडीवर येतो. टेकण्याआधी क्षणभर हवेत थबकतो. ती जागा तुम्ही बोटाने दाखवलीत, काडीच्या टोकापासून जेमतेम वीतभर. आता मी फोकस हाताने तिथंच लावून ठेवतो, शटर 1/2500 सेकंदावर, आणि वाट पाहतो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो तुमच्या झोपडीच्या बांबूतला काळा भुंगा. थंडीची सकाळ होती. तुम्ही बांबूच्या भोकाजवळ कान नेलात आणि मलाही बोलावलंत. आतून बारीक घूंऽऽ ऐकू येत होतं. थंडीत भुंग्याला लगेच उडता येत नाही. पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून तो आधी अंग तापवतो. तुम्हाला इतकंच ठाऊक होतं की आवाज चढला म्हणजे तो निघणार. "आता पाय" (म्हणजे पाहा), तुम्ही म्हणालात, आणि तो भोकाच्या तोंडाशी आला, निघाला. तुमच्या त्या दोन शब्दांमुळे माझं बोट वेळेवर दाबलं गेलं.

चतुराचे पंख सेकंदाला साधारण 30 वेळा हलतात, मधमाशीचे 200 हून जास्त. त्यामुळे माश्या-भुंग्यांसाठी नुसतं शटर पुरत नाही, फ्लॅश कमी ताकदीवर ठेवावा लागतो, म्हणजे त्याची चमक फार थोडा वेळ टिकते. ही बाजू मी शिकून घेतली. कुठं आणि केव्हा उभं राहायचं, ते तुम्ही शिकवलंत.

काहीजण किडा फ्रिजमध्ये गार करून, सुस्त झाला की त्याचे फोटो काढतात. मला ते पटत नाही. तुमच्यासोबत बसल्यावर तर तसं करायचं मनातही येत नाही. तुम्ही कधी त्या काडीला हातसुद्धा लावू दिला नाहीत.

भुंग्याचा फोटो मोठा करून नातवाकडे दिलाय, झोपडीत लावा. शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीला फुलं आली की तेवढा निरोप द्या. तुरीवर ऊन चढल्यावर कोणकोणत्या माश्या येतात, ते तुमच्याकडूनच पाहायचं आहे.

मनापासून आभार, काकाजी.

तुमचा,
कॅमेरावाला बाबू