दुरुस्तीला गुण का नाहीत?

संपादक महोदय,
स. न.

परभणीच्या एका तंत्रनिकेतनात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेत जे पाहिलं ते मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

आमच्या जुन्या संगणकांवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. पावसाळ्यात तिचा नवा कर्नल, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारा गाभा, टाकला आणि नवंच दुखणं लागलं. जेवणाच्या सुट्टीत मशीन स्लीपमध्ये गेलं की उठल्यावर नेटवर्क येईना. केबल काढून लावा, काही उपयोग नाही. जिंतूरकडच्या एका विद्यार्थ्यानं याचा पिच्छाच पुरवला. वडील मोटार रिवायंडिंग करतात, त्यामुळे उघडून बघायची सवय घरातलीच. जुना कर्नल चालतो, नवा चालत नाही आणि मधे तेरा हजारांवर बदल! गिट बायसेक्ट या बिघडवणारा बदल शोधायच्या साधनानं दर वेळी निम्मे वगळत जायचं, म्हणजे चौदा वेळा कर्नल बिल्ड करायचा, कोडपासून नव्यानं तयार करायचा. आमच्या मशीनवर एका बिल्डला तीन तास, त्यात लाइटचा भरवसा नाही. अखेर सापडलं: झोपेतून उठताना नेटवर्क कार्डाचं एक रजिस्टर, म्हणजे सेटिंग ठेवायची छोटी जागा, पुन्हा लिहायचं ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या कोडमध्ये) राहून गेलं होतं. दुरुस्ती तीन ओळींची.

त्यानं हा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा मजकूर, मेंटेनरांकडे, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्यांकडे, पाठवला. उत्तर आलं: दोष बरोबर धरलात, पण कोणत्या बदलानं बिघडलं ते नोंदवा, वापरणाऱ्याला काय त्रास होतो ते लिहा आणि व्हेरिएबलच्या घोषणा लांब ओळीपासून आखूड ओळीकडे मांडा. ही शेवटची नेटवर्किंगवाल्यांची खास शिस्त. तिसऱ्या खेपेला पॅच घेतला गेला. खाली त्याच्या नावाचं ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आहे, म्हणजे जबाबदारी घेणारी सही.

आणि परीक्षक म्हणाले, “यात तुझं स्वतःचं काय? ॲप कुठंय?” हजेरीचं ॲप करणाऱ्यांना त्याच्यापेक्षा जास्त गुण पडले.

मला याचं फार वाईट वाटलं. मोंढ्यात भाव बघायला उघडतो त्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये हाच कर्नल आहे. 2009 मध्ये कर्नलमधल्या टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवरून माहिती नेण्या-आणण्याच्या, कोडमध्ये शिरलेला एक दोष 2019 मध्ये उघडकीला आला. दूर बसून कुणीही लिनक्स सर्व्हर बंद पाडू शकत होतं. सोळा बिटांच्या एका मोजणीत आकडा मावत नव्हता, एवढंच कारण. जुन्या कोडकडे लक्ष देणारं कुणी होतं म्हणून तो सापडला. कर्नलमध्ये मेंटेनरांची एक फाइल असते. सांभाळणारा उरला नाही की त्या भागापुढे ‘ऑर्फन’ लिहितात, म्हणजे पोरका. असाच पोरका झालेला डेकनेट या जुन्या नेटवर्क पद्धतीचा कोड 2022 मध्ये 6.1 आवृत्तीतून काढूनच टाकला.

तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, मेंटेनरांनी स्वीकारलेली दुरुस्ती पूर्ण प्रकल्प म्हणून धरा. त्यांचे प्रश्न, मुलाची उत्तरं, पॅचच्या तिन्ही आवृत्त्या, सगळं लेखी आहे. दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेपेक्षा त्यातून मुलगा जास्त कळतो. आपल्या शिक्षणविषयक पुरवणीतही या कामावर लिहावं. आमच्याकडे पुढच्या बॅचचे विषय जुलैत ठरतात, त्याआधी हे व्हावं.

– एक प्रयोगशाळा सहायक, परभणी